गोड्या पाण्याला भिणारी माती

मला साप चालतो, विंचू चालतो. खाडीवरच्या डासांनी एकदा माझ्या डोक्यावरची टोपी उचलून नेलेली, तेही मी हसण्यावारी नेलं. पण रस्त्यानं जाताना कुठे नवीन इमारतीचा खड्डा खोदलेला दिसला आणि त्याची एक कड सरळसोट उभी दिसली, की माझे पाय आपोआप पलीकडच्या फुटपाथवर जातात. बायको विचारते, आयुष्यभर मातीची नोकरी केलीत आणि मातीलाच काय घाबरता? मी म्हणतो, अगं, वाघाला सगळ्यात जास्त कोण घाबरतं ते सर्कशीतल्या माणसाला विचार.

मी काही इंजिनिअर नाही. बी.एस्सी. झालो आणि ठाण्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत माती तपासायला लागलो. कोणाला काही बांधायचं असलं की आधी आमची टोळी जायची. तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं करायचं, जमिनीत भोक पाडायचं, त्यात नळी सोडायची आणि नळीच्या डोक्यावर त्रेसष्ट किलोचा हातोडा अडीच फुटांवरून टाकायचा. एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. मुरमाला पन्नास ठोके दिले तरी तो ढिम्म. खाडीच्या चिखलाला दोन पुरे. त्या नळीतून जी माती वर येते तिचं नाव-गाव, जात-कुळी लिहिणं हे माझं काम. थोडक्यात, तलाठी माणसांच्या जमिनीची नोंद ठेवतो, मी जमिनीच्या स्वभावाची ठेवायचो.

आणि स्वभाव एकेकीचा असा असतो की झोप उडावी. डोंबिवली पश्चिमेला खाडीलगत एकदा नळी टेकवली आणि हातोडा अजून वर चढवायचाय, तोच ती आपल्याच वजनानं खाली निघाली. एक फूट, तीन फूट, नऊ फूट. कोणी हात लावलेला नाही आणि लोखंड आपण होऊन जमिनीत शिरतंय. टोळीतली चार धिप्पाड माणसं मागे सरकत सरकत थेट कल्याणला पोचली असावीत, कारण पुढचा तासभर मला एकही दिसला नाही. प्लॉटचा मालक मात्र तिथेच होता. त्यानं शांतपणे विचारलं, म्हणजे माती थोडी नरम आहे का?

कल्याणचे एक निवृत्त मास्तर पेढ्याच्या बॉक्समधून माती घेऊन यायचे. तळमजल्यावर फ्लॅट घेत होते. बॉक्स उघडला की वर केशराचा वास आणि खाली मुरूम. तीनदा आले, तीन वेगवेगळ्या बिल्डिंगची माती आणून. शेवटी म्हणाले, साहेब, निर्भयपणे राहता येईल अशी एक जागा सांगा. मी म्हणालो, मास्तर, मी वर्तकनगरात चौथ्या मजल्यावर राहतो आणि रात्री पलंगावर झोपताना आधी एक पाय टेकवून बघतो. ते पुन्हा आले नाहीत.

माती ओळखायला यंत्रं आहेत, पण पहिली परीक्षा हाताची. ओली माती अंगठा आणि तर्जनीत धरून फितीसारखी पुढे सारायची. वाळू असेल तर फीत होतच नाही. चिकणमाती असेल तर बोटभर लांब लोंबते. फीत थोडी झाली आणि तुटली, तर ती पोयट्याची माती. वाळू, गाळ आणि चिकणमाती तिन्ही जिच्यात गुण्यागोविंदानं नांदतात ती. मग चिमूटभर दाताखाली. वाळू करकरते, गाळ पिठासारखा लागतो, चिकणमाती लोण्यासारखी. माझ्या जिभेनं ठाणे जिल्ह्याचा अर्धा नकाशा चाखलाय. एका बिल्डरला मी माती चाखून सांगितलं की तुमच्या जागेत म्हैस बांधत होते, तर तो पायाच पडला. म्हैस समोरच्या भिंतीआड रवंथ करत होती हे त्याच्या लक्षात आलं नाही, त्याला मी काय करू.

हा असला खेळ करण्याची खोड होती मला. ही गोष्ट त्या खोडीचीच आहे, आणि यात मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायची गरजच पडली नाही.

माजिवड्याच्या पलीकडे खाडीकडे उतरलं की काही जुनी गावं लागतात. नीट बघितलं तर ती सगळी एका पायरीवर बसलेली दिसतात. खाली खारफुटी, चिखल, भरतीचं पाणी. त्याच्यावर पंधरा-वीस फुटांची उंच कड आणि कडेवर सपाट जमीन. ही समुद्रानं सोडलेली पायरी. कधीकाळी पाणी तिथवर होतं, मग समुद्र मागे हटला की जमीन वर आली, यावर विद्वान अजून भांडतायत. आपल्यापुरतं एवढंच की ती सपाटी म्हणजे उचलून ठेवलेला समुद्रकिनारा. आपल्या कोळी लोकांनी हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखलं आणि भरती पोचणार नाही अशा जागी घरं बांधली. तिथली माती तपकिरी, पोयट्याची, मधूनमधून शिंपल्यांचे तुकडे. दिसायला इतकी सज्जन की विचारू नका. भाजी चांगली पिकते, फावड्यानं चीज कापल्यासारखी कापली जाते आणि कापलेली कड उभीच्या उभी राहते.

पण तिच्या पोटात समुद्र राहिलेला असू शकतो. म्हणजे मीठ. अशा काही मातींत चिकणमातीचे बारीक कण मिठाच्या जोरावर एकमेकांना धरून असतात. खारं पाणी लागलं तर काही होत नाही. गोडं पाणी लागलं की मीठ धुऊन जातं, कण एकमेकांचा हात सोडतात आणि दगडासारखी दिसणारी माती दुधासारखी वाहून जाते. सगळ्या पायऱ्यांची माती अशी नसते. कुठली आहे ते कळायला एक साधी परीक्षा असते: हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडायचं आणि दहा मिनिटं बघायचं. ढेकळाभोवती पांढुरका धूर सुटला तर घात. शाळेतल्या पोरानं करावी इतकी सोपी.

जानेवारीत एका टॉवरच्या कामासाठी आम्ही त्या पायरीवर भोकं पाडली. बिल्डरचा सुपरवायझर देसाई, शहाणा आणि घाईतला माणूस, दोनदोनदा घड्याळ बघायचा. कुंपणाला लागूनच गावाची शेवटची घरं होती. त्यातल्या पहिल्या घरातली हिराबाई रोज दुपारी मासे विकून आली की कुंपणावर हात ठेवून आमची गंमत बघत उभी राहायची. माझ्याच वयाची, आवाज भोंग्यासारखा. पहिल्या दिवशी मी माती तोंडात घातली तशी ती ओरडली, “काय रं इंजिनेर, घरान बायको जेवाला घालीत नाय का?” मी म्हटलं, मावशी, ही आमची चव घ्यायची पद्धत. तर म्हणाली, “मावशी कोनाला बोलतंस? तुज्याच वयाची हाय मी.” टोळी दोन दिवस मला मावशी म्हणून हाक मारत होती.

असा प्रेक्षक मिळाल्यावर मी कशाला सोडतो. ढेकळाची परीक्षा लॅबमध्ये करायची असते, ती मी तिथेच, सगळ्यांसमोर करायची ठरवली. स्टूल मांडलं, पेला ठेवला, हात मागे बांधून छोटंसं भाषणही केलं. मग लक्षात आलं की डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठाण्यात राहिलाय. समोर देसाई घड्याळ बघतोय, हिराबाई बघतेय, टोळी बघतेय. बोअरिंगसाठी पाण्याचा ड्रम भरून ठेवलेला होता, त्यातलंच पाणी पेल्यात ओतलं आणि ढेकूळ सोडलं. ते तळाशी राजासारखं जाऊन बसलं. दहा मिनिटं झाली, धूर नाही, काही नाही. मी वाकून नमस्कार केला, सगळे हसले. रिपोर्टात लिहिलं: पोयट्याची माती, घट्ट, पाण्यात विरघळत नाही, उभी कड सुरक्षित. खाली सही.

ड्रम खाडीजवळच्या विहिरीतून भरलेला होता. विहीर खारी. समुद्राच्या मातीला मी समुद्राच्याच पाण्यात बुडवून विचारलं होतं, बाई, तुला पाण्याची भीती वाटते का? लॅबमध्ये परत परीक्षा करायची होती. केली नाही.

एप्रिलच्या शेवटी खड्डा खणून झाला. पंचवीस फूट खोल, आणि हिराबाईच्या घराकडची कड माझ्या रिपोर्टाच्या भरवशावर सरळ उभी कापलेली, आधाराला काही नाही. तळ बघायला मला बोलावलं. खाली उतरलो, पाया घालायच्या जागेची माती बघितली, कडेच्या मातीचं एक ढेकूळ सवयीनं हातात घेतलं. खाली सहा माणसं लोखंडी सळ्या बांधत होती. वरून भोंगा वाजला. हिराबाई मला बोलावत होती.

वर गेलो तर तिच्या चेहऱ्यावर लग्नघर. मागल्या दाराशी नवा नळ. आजवर गावात टँकर यायचा किंवा मग ती खारी विहीर, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आता आठ दिवसांपासून दुपारी दोन तास नळाला पाणी येत होतं. “गोडा पानी आयला रं दारान,” ती म्हणाली, “पोशाला दोनदा आंघोल घातली आज.” पोशा तिचा नवरा. पूर्वी खाडीत जाळं टाकणारा, आता एक बाजू गेलेली. आतल्या खोलीत, मागच्या भिंतीला लागून असलेल्या खाटेवरून तो डोळ्यांनी हसला. हात धू नि चहा घे म्हणून हिराबाईनं नळाखाली लोटा भरला आणि माझ्या हातावर ओतला.

ढेकूळ अजून मुठीत होतं. पाणी पडलं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गेलं. विरघळलं म्हणावं तर तेवढा वेळही लागला नाही. बोटांच्या फटींतून दूध गळावं तसं पांढुरकं पाणी गळालं आणि तळहातावर चार वाळूचे कण उरले.

मी हात तसाच धरून उभा. हिराबाई म्हणाली, अजून ओतू का. मी नळाकडे बघितलं. जोडातून धार गळत होती, करंगळीएवढी. कधीपासून गळतंय विचारलं, तर पहिल्या दिवसापासून, प्लंबर येतो म्हणालाय. आठ दिवस, रोज दोन तास धार गळतेय, आणि खाली जमिनीवर डबकं नाही. चिखल नाही. ओलावासुद्धा हातभरच. मग मला भिंतीच्या मुळाशी भोक दिसलं. मनगट जाईल एवढं, कडा गुळगुळीत. सगळी धार तिथे जात होती, आवाज न करता.

“उंदीर हाय,” हिराबाई म्हणाली. “गोल्या टाकल्यान.”

मी पळत कडेला गेलो आणि वाकून बघितलं. सात-आठ फूट खाली, खड्ड्याच्या त्या सुंदर उभ्या भिंतीतून, दुधाचा एक ओघळ बाहेर येत होता. त्याच्या बरोबर खाली सळ्या बांधणारी माणसं डबा सोडून बसलेली. घर कडेपासून सहा पावलांवर. म्हणजे या सहा पावलांच्या पोटात, पोशाच्या खाटेच्या आसपास कुठेतरी, केवढी पोकळी झालेली आहे ते देव जाणे. मी तिच्यावरच उभा होतो.

देसाईला गाठून सांगितलं, माणसं वर घे, घरं रिकामी कर. तो म्हणाला, कदमसाहेब, काम थांबवायचं म्हणजे मला वर उत्तर द्यावं लागतं. आणि मोबाइल काढून त्यानं माझ्यासमोर धरला.

“तुमचाच रिपोर्ट आहे साहेब. कड सुरक्षित. बरोबर आहे ना?”

खाली माझी सही, तिची ती लांब शेपूट. इथे मी गप्प राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. एक डबा उघडून भाकरी मोडून पहिला घास तोंडात जाईल एवढा वेळ नक्की, कारण मी खाली त्या माणसाकडे बघत होतो आणि त्यानं तेवढं केलं. माझ्या डोक्यात कड नव्हती, पोशा नव्हता. माझ्या डोक्यात होतं की निवृत्तीला दोन महिने राहिलेत आणि ठाण्यातला प्रत्येक बिल्डर मला मातीचा डॉक्टर म्हणतो. याची मला आजही लाज वाटते आणि आजही भीती वाटते, की तो घास जरा मोठा असता तर.

“रिपोर्ट चुकीचाय,” मी म्हणालो. “परीक्षा खाऱ्या पाण्यात केलेली. मीच केली.”

देसाईनं तोंडाशी हात नेऊन अशी शिट्टी मारली की खालची सहाच्या सहा माणसं डबे टाकून शिडीकडे धावली. घाईचा माणूस कधी कधी फार कामाचा असतो.

मी हिराबाईकडे पळालो. शेजारची घरं देसाईनं हाका मारून रिकामी केली. पोशाला उचलायचा तर खाट दारातून निघेना. आडवी केली, तिरकी केली, पाय अडकतच होते. पायाखालची जमीन शेणानं सारवलेली, घट्ट, आणि मला प्रत्येक पावलाला वाटत होतं की आत्ता. शेवटी गोधडीची झोळी केली. दोन टोकं हिराबाईनं धरली, दोन मी. पोशाला बोलता येत नव्हतं, पण तो सबंध वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता आणि माझ्या तोंडावर काय होतं ते त्याला पुरतं कळत होतं. अंगण ओलांडलं, रस्त्यापलीकडे पिंपळाच्या पारावर त्याला ठेवलं. श्वास घेतोय तोच हिराबाई मागे वळली.

पाणी चालू राहिलं होतं. हंडा नळाखाली होता.

“अगं सोड तो हंडा!”

“गोडा पानी हाय,” ती चालता चालता म्हणाली, जसं काही मला ते माहीत नाही.

मी मागून गेलो. मला जायचं नव्हतं. माझं अख्खं शरीर पिंपळाकडे ओढ घेत होतं आणि पाय तेवढे पुढे जात होते. मागच्या दाराशी तिनं हंडा उचलला तेव्हा मला जमिनीवर एक रेघ दिसली. सारवणाला केसाएवढी चीर, भिंतीपासून कुंपणापर्यंत, आधी नव्हती. हिराबाई पलीकडे, मी अलीकडे. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. तिनं दुसऱ्या हातातल्या हंड्यानं मला हाणलं, गार पाणी अंगभर झालं, हंडा गडगडत गेला. मासे कापणाऱ्या बाईचे हात ते, माझा खांदा अजून आभाळ आलं की दुखतो. पण ओढत ओढत दारातून बाहेर आणली. ती मला शिव्या देत होती आणि मधेच थांबली.

एरवी मी सांगितलं असतं की कडकडाट झाला आणि ठाणं हादरलं. तसं काही झालं नाही. म्हैस तळ्यात बसते तेवढा आवाज आला. नळ गेला, मागची भिंत गेली, पोशाच्या खाटेची जागा गेली. घराला मागून एक मोठं चौकोनी आकाश उघडलं आणि त्यातून समोर उभी असलेली क्रेन दिसत होती. खाली डब्यांच्या जागी मातीचा ढीग, धूळ खाली बसत होती. नुकसान कोणाच्या जिवाचं झालं नाही. मी पाराला पाठ लावून बसलो आणि माझे दात वाजत होते, भर एप्रिलात.

पुढच्या आठवड्यात बिल्डरचं पत्र निघालं: रहिवाशांच्या निष्काळजी पाणीवापरामुळे कड ढासळली. आमच्या लॅबच्या मालकांनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. म्हणाले, कदम, नळ खरोखरच गळत होता, आपण काही खोटं बोलत नाही आहोत. तुम्ही फक्त गप्प बसायचंय. ते चूक बोलत नव्हते. नळ गळत होता. पण साध्या मातीत नळ गळला तर चिखल होतो आणि कोणी तरी प्लंबरला शिव्या देतं, एवढंच. मी घरी येऊन एक पान लिहिलं, हातानं, आणि ते बिल्डरला, पालिकेत आणि मालकांच्या टेबलावर एकाच दिवशी पोचवलं. माझा निरोप समारंभ झाला नाही. शाल आणून ठेवलेली होती असं शिपायानं सांगितलं, तिचं काय केलं कोणास ठाऊक. बिल्डरनं आपलं पत्र मागे घेतलं आणि पडलेली खोली बांधून होईपर्यंत हिराबाईला वर्तकनगरात, आमच्या मागच्याच गल्लीत, एक खोली भाड्यानं घेऊन दिली.

तिथे गेलो मी एक दिवस. घरात नळ, चोवीस तास पाणी. पोशा खिडकीजवळ. हिराबाईनं चहा विचारला नाही, बस म्हणाली नाही. मी त्या पानाची एक प्रत बरोबर नेली होती. तिनं विचारलं, “त्यान काय लिवलंस, वाच.”

मी वाचायला लागलो. “ढेकळाची परीक्षा मी जागेवरच्या खाऱ्या पाण्यात घेतली. ती गोड्या पाण्यात घ्यायला हवी होती. लॅबमध्ये परत घेतली नाही. ही चूक माझी आहे. रहिवाशांचा दोष नाही.”

“रहिवाशी म्हंजे आमीच ना?”

“हो.”

“मग आमचा नाव घाल. नि परत वाच.”

मी पेन काढलं, शेवटच्या ओळीवर बारीक अक्षरात दोघांची नावं घातली आणि पहिल्यापासून परत वाचलं. नावांपाशी पोचलो तेव्हा पोशानं आपला चालणारा हात खाटेवर थोडा पुढे सरकवला. हिराबाईनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं.